दुपारची कचेरी

गेली सव्वीस वर्षं मी मिरजेच्या तहसील कचेरीत नोकरी करते. त्यामुळे चेन्नईच्या मावसबहिणीनं फोनवर "डिसेंबरात ये, दिवसाला चार-चार कचेऱ्या ऐकशील," म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फेरफाराचे अर्ज उभे राहिले. तमिळमध्ये गाण्याच्या मैफलीला कच्चेरी म्हणतात. शब्द एकाच घरातला. एक भाऊ गाण्यात गेला, दुसरा महसुलात. रजेच्या अर्जावर मी 'खासगी काम' लिहिलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूर, तिथून दुपारच्या बृंदावननं चेन्नई गाठलं.

गाणं मला परकं नाही. शाळेला जायच्या वाटेवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेले दिसायचे, आणि उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली मोठमोठी माणसं गाऊन जायची. लग्नाआधी सात वर्षं मी रीतसर शिकलेसुद्धा. पण कर्नाटक संगीत म्हणजे दुपारी रेडिओवर लागलं की बटण फिरवायचं, एवढाच संबंध. तरी चेन्नईला जायचं म्हटल्यावर एक गोष्ट मी डायरीत आधीच लिहून ठेवली होती: सिंगपेरुमाळ कोईल. चेंगलपट्टूच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन. १९३७ च्या ऑक्टोबरात, मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत त्यांना बरं वाटेना म्हणून ते या स्टेशनावर उतरले, आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. आमच्या गावच्या माणसानं मद्रासेत येऊन ते स्टेशन पाहायचं नाही, हे काही बरोबर नव्हतं.

बहिणीचं घर वेळाचेरीला. मिचाँग वादळ येऊन गेल्याला तीन आठवडे होत आले होते. इमारतीच्या जिन्यात कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ दिसत होती आणि पार्किंगमध्ये मेलेल्या स्कूटरी एका ओळीत उभ्या होत्या. "पाणी ओसरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खालच्या मामींनी पहिलं काय केलं असेल? सभेचं सीझन तिकीट वाळत घातलं," बहीण म्हणाली. मला ती थट्टा वाटली. दोन दिवसांनी वाटेनाशी झाली.

गाण्याचा हा मोसम डिसेंबरातच का, याची तिथे दोन उत्तरं मिळतात. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली, तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. आणि नाताळच्या सुटीत वकील मंडळी मोकळी असायची, म्हणून तोच मुहूर्त चालू राहिला. दुसरं उत्तर बहिणीच्या सासूबाईंचं: मार्गळी या तमिळ महिन्यात लग्नं लागत नाहीत, हॉल मोकळे असतात. दोन्ही खरी असावीत. आता मैलापूर, आळवारपेट, टी. नगर या भागांत एकाच वेळी डझनावारी सभा चालू असतात. सभा म्हणजे संस्थाही आणि तिचा हॉलही. कुठे अकादमीसारखं मोठं सभागृह, कुठे शाळेचं ऑडिटोरियम, कुठे मंगल कार्यालय. सकाळी व्याख्यान-प्रात्यक्षिकं, दुपारी बाराच्या सुमारास नवख्यांची पहिली कचेरी, दोनच्या आसपास जरा पुढे गेलेल्यांची, चारला त्याहून वरच्यांची, आणि साडेसहा-सातनंतर बडी नावं. सेवाज्येष्ठता यादी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पण गाण्यात ती इतकी उघड, घड्याळावर टांगलेली मी पहिल्यांदा पाहिली. अमुक मुलगा कसा गातो असं विचारलं तर लोक सांगतात, "यंदा दोनच्या स्लॉटला आलाय."

मी अर्थातच बड्या नावांसाठी आले होते. सहा दिवस, सहा संध्याकाळी. त्या वर्षी अकादमीची संगीत कलानिधी उपाधी बॉम्बे जयश्रींना होती. नावात मुंबई असलेली बाई मद्रासच्या सर्वोच्च मानाला पोचली याचा मला उगीचच घरचा अभिमान वाटत होता. वहीत मी लाल शाईनं रकाने आखले होते. पहिल्याच दिवशी सकाळी साडेसहाला एका मोठ्या सभेच्या खिडकीसमोर उभी राहिले. माझ्या पुढे कानटोप्या घातलेले आजोबा. बाहेर चोवीस अंश तापमान होतं, पण मद्रासी माणूस मार्गळीत कानटोपी घालतोच. रांग शिस्तीत सरकली, आणि माझ्यापुढे चार माणसं उरली तेव्हा खिडकी बंद झाली. दुसऱ्या सभेत बहिणीनं फोन लावला, तिथेही नाही.

दिवस मोकळा पडला. मैलापूरच्या माड वीथींतून, म्हणजे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांतून, फिरत बसले. दारोदार रांगोळ्या, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या थोरल्या जावा. फिल्टर कॉफी दोनदा घेतली. अकरा वाजता पाय दुखायला लागले आणि बसायला जागा हवी, एवढ्याच कारणानं मी एका सभेच्या हॉलमध्ये शिरले. बाराच्या कचेरीला तिकीट नसतं. दारात कोणी अडवलं नाही. उलट वॉचमननं पंखा लावला.

हॉल पाचेकशे खुर्च्यांचा. वॉचमन धरून माणसं एकोणीस. मी मोजली, सवय आहे. त्यांतली दोन स्टेजसमोर तिपाईवर मोबाइल बसवण्यात गुंतलेली, म्हणजे आईवडील. पहिल्या रांगेत मधोमध एक करारी बाई, म्हणजे गुरू. दोघं पाठीमागे झोपलेले. आणि उजवीकडे, मांडीवर वही घेऊन, एक सत्तरीचे गृहस्थ.

पडदा वर गेला. मधे सतरा-अठरा वर्षांची मुलगी, काठाची हिरवी रेशमी साडी, केसांत तिला न झेपणारा गजरा. एका बाजूला व्हायोलिन, ते हनुवटीखाली न धरता मांडी घालून पावलावर टेकवलेलं. दुसऱ्या बाजूला मृदंग, वाजवणारा मुलगा चौदाचा असेल. मागे तंबोऱ्याची पेटी गुणगुणत होती. मिरजेची असल्यानं पेटीकडे मी जरा वाईट नजरेनं पाहिलं.

वर्णम, म्हणजे सुरुवातीची रचना, झालं. हंसध्वनी रागातली गणपतीची कृती, म्हणजे आपल्या बंदिशीसारखी रचना, झाली. गायक अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी बसवलेला हा क्रम: आधी वर्णम, मग लहान कृती, मग मोठा राग, शेवटी हलकंफुलकं. त्यात कोणी फारशी ढवळाढवळ करत नाही. मोठी कृती तोडीत होती. तोडी म्हटल्यावर मी सरसावून बसले, आणि मुलीनं लावलेले स्वर ऐकून गोंधळले. ही तर आमची भैरवी! स्वर भैरवीचे, पण बसून राहिलेला एकही नाही. प्रत्येक स्वर कुठल्या तरी दुसऱ्या स्वराच्या कुशीतून हलत हलत यायचा. आपल्याकडे तीव्र मध्यमाची तोडी सकाळची, आणि भैरवी ऐकली की लोक चपला शोधायला लागतात. इथे भरदुपारी बाराला, मैफलीच्या ऐन पोटात तीच सुरावट घेऊन ही पोरगी पंधरा मिनिटं आलाप करत होती, आणि व्हायोलिनवाली तिच्या मागून सावलीसारखी चालत होती.

मग नेरवल आलं. म्हणजे कृतीतली एकच ओळ घ्यायची, शब्द आणि ताल तसाच ठेवायचा आणि सूर दर वेळी नवा भरायचा. आपल्या बोल-आलापाच्या जवळचं काहीतरी. पहिल्या, सावकाश लयीत ती छान गेली. दुपटीत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचा हात थांबला.

हात, आवाज नव्हे. हे मला नंतर कळलं. तिथे गाणारा स्वतःच मांडीवर हातानं ताल धरतो. तिचा हात हवेत राहिला, पहिल्या रांगेतल्या बाईंचाही हात हवेत राहिला, आणि एक-दोन सेकंद सगळा हॉल पाय घसरलेल्या माणसासारखा झाला. मृदंगावरच्या पोरानं मान खाली घातलेली होती, ती वर न करता त्यानं ठळक, अगदी पाटीवर गिरवल्यासारखा एक तुकडा वाजवला आणि सम जिथे होती तिथे बोट ठेवून दाखवली. व्हायोलिनवालीनं ओळीचं पहिलं अक्षर वाजवलं. मुलीनं ते उचललं, आणि पुढच्या फेरीला तीच अवघड जागा मुद्दाम पुन्हा घेतली. तिथून सरळ निघून गेली असती तरी चाललं असतं. एकोणीस माणसांत कळणारी सहा.

मला अंगावर काटा आला तो त्या पुन्हा घेण्यानं. सहा संध्याकाळच्या यादीचं काय करायचं ते मी तिथेच ठरवलं असं मात्र नाही. संध्याकाळी पुन्हा तिकिटासाठी फोन केलेच.

मृदंगाचं तनी आवर्तनम सुरू झालं, म्हणजे तालवाद्याचं एकट्याचं वादन, आणि आठ-नऊ जण उठून कॉफीला गेले. ही तिथली जुनी खोड आहे. संध्याकाळी मोठ्या विद्वानांच्या तनीलासुद्धा उठतात. एकोणिसांतून नऊ गेले की कसं दिसतं ते पोराच्या बाजूनं पाहा. तो डोळे मिटून वाजवत होता, ते बरं.

मी हातानं ताल धरायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी चुकत होते. वहीवाले गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. कचेरी संपल्यावर बहिणीशी मी फोनवर मराठीत बोलले, तेव्हा ते उठून जवळ आले आणि मराठीतच म्हणाले, तुम्ही सातच मोजता, आठवी कुठे जाते?

मराठी होती, पण चाल तमिळ होती. वाक्याच्या शेवटी सूर वर चढायचा. तंजावरचं देशस्थ घराणं. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांबरोबर जी माणसं खाली आली त्यांच्यातलं म्हणवणारं. राज्य १८५५ ला खालसा झालं, भाषा घरात राहिली. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त. शाळा तमिळ, नोकरी इंग्रजी, मराठी फक्त बोलण्यापुरती. देवनागरी वाचता येत नाही. मी तहसीलात आहे कळल्यावर त्यांनी मोबाइलवर आजोबांच्या एका कागदाचा फोटो दाखवला आणि मोडी वाचता येतं का विचारलं. रेकॉर्ड रूममुळे मला थोडंफार येतं. सनद-बिनद निघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ती उसनी दिलेल्या भांड्यांची यादी होती. ते मनापासून हसले आणि मला कँटीनला घेऊन गेले.

कँटीनबद्दल लिहिलं नाही तर चेन्नईला गेलेच नाही असं कोणी म्हणेल. यंदा कुठल्या सभेला कोणता आचारी आहे, याची बातमी वर्तमानपत्रात येते आणि लोक त्यावर वाद घालतात. अडै-अवियल खाल्लं, कीरै वडै म्हणजे पालेभाजीचा वडा खाल्ला, आणि मुगाच्या डाळीचा तुपात न्हालेला अशोका हलवा. तो तिरुवय्यारूचा, म्हणजे थोर रचनाकार त्यागराजांच्या गावचा, हे मामांनी सांगितलं. (त्यांना मामाच म्हणायला लागले, तिथे सगळेच मामा आणि मामी.) त्यागराजांना तंजावरच्या सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं आणि ते गेले नाहीत, अशी कथा सांगतात. मामा ती कथा अशा तोंडानं सांगत होते, जणू नकाराचा निरोप त्यांच्याच घराण्यातल्या कोणी राजाला नेऊन दिला होता.

तिथेच, केळीच्या पानावर त्यांनी मला आदिताल शिकवला. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, टाळी, पालथा, टाळी, पालथा. आठ. माझी पालथ्याची एक मात्रा पडत होती. मी म्हटलं, आमच्याकडे तबला ठेका धरून असतो, आम्हाला हात लागत नाही. ते म्हणाले, म्हणूनच. इथे मृदंग ठेका देत बसत नाही, तो गाण्याबरोबर फिरतो. ताल कोणी तरी धरायला हवा, तो गाणारा धरतो आणि ऐकणारे धरतात. बाराच्या हॉलमध्ये ऐकणारे कमी, म्हणून प्रत्येकाचा हात दिसतो.

आणि मग त्यांनी वही उघडली.

मी आयुष्यभर नोंदवह्या पाहिल्यात, पण अशी नाही. तारीख, सभा, नाव, साथीदार, मुख्य राग, आणि शेवटी एक रकाना, ज्याला आम्ही 'शेरा' म्हणतो. अक्षर इंग्रजी आणि तमिळ मिसळून, मुंगीएवढं. तीसेक वर्षांपासून ते फक्त दुपारच्या कचेऱ्या लिहितात. सुरुवात अशी झाली की संध्याकाळचं तिकीट परवडत नव्हतं आणि नोकरीची पाळी दुपारनंतरची होती. हातातली यंदाची वही होती. तिच्यातला शेऱ्याचा रकाना सगळा कोरा. मी विचारलं, लिहीत का नाही? ते म्हणाले, तो आत्ता लिहायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी वही आणली. तिच्यात तो रकाना भरलेला होता, वेगवेगळ्या शाईनं, वेगवेगळ्या साली. काही नावांपुढे 'संध्याकाळ'. ती नावं माझ्यासुद्धा ओळखीची होती, मी ज्यांच्या तिकिटासाठी रांगेत उभी होते तीच. त्यांना मामांनी हॉलमध्ये अकरा-बारा माणसं असताना ऐकलं होतं. पण अशी नावं पानामागे एखादंच. बाकी 'अमेरिका'. 'लग्न'. 'बँक'. 'शिकवते'. 'सिनेमा'. 'आवाज गेला'. एका नावापुढे नुसती एक तारीख होती, तिच्याबद्दल मी विचारलं नाही. आणि कितीतरी रकाने तीस वर्षांनंतरही कोरेच.

एका ओळीवर माझं बोट थांबलं. करहरप्रिया, मुलगी, १९९६. शेरा: 'शिकवते'. मी लग्न करून गाणं सोडलं त्याच्या आगेमागेचं साल. आपल्याकडे अशी वही कोणी ठेवली असती तर माझ्या नावापुढे 'महसूल' लिहिलं असतं, असं मी म्हटलं. मामांना विनोद कळला की नाही कोण जाणे. त्यांनी मान डोलावली.

पुढचे तीन दिवस मी चेन्नईभर सभेमागून सभा केली. आळवारपेटहून टी. नगरला जायला किती वेळ लागावा? मेट्रोच्या खोदकामानं रस्ते जिथेतिथे पत्रे लावून वळवलेले; रिक्षावाला "दोन मिनिट" म्हणायचा आणि आम्ही पाऊण तास एकाच गणपतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालायचो. एकदा पोचले तेव्हा मंगलम चालू होतं, म्हणजे मैफलीचा शेवट, आपल्याकडे भैरवी असते तसा. एका दिवशी हावऱ्यासारख्या पाच कचेऱ्या ऐकल्या. पाचवी फार नावाजलेल्या गायकाची होती, तिकीट कसंबसं मिळवलेलं, आणि मला तिच्यातलं एसी आठवतं.

दुपारचं मात्र सगळं आठवतं. एक मुलगा अमेरिकेतून आला होता. रागाचं नाव सांगताना उच्चार तिकडचे, आणि गायला लागला की त्यागराजांच्या शेजारी वाढल्यासारखा. अशी मुलं डिसेंबरसाठी मुद्दाम विमानानं येतात. एका वीणावादक मुलीची तार ऐन रागात तुटली आणि ती बदलेपर्यंत मृदंगवाल्यानं लोकांकडे बघून नुसतं हसून वेळ काढला. एका हॉलमध्ये माइक असा शिट्ट्या मारत होता, की गाणाऱ्यानं तो बंद करायला लावला आणि आम्ही बावीस जण उठून पहिल्या दोन रांगांत जाऊन बसलो. त्या दिवशीचा आवाज अजून कानात आहे.

त्या मृदंगवाल्या पोराची आई एकदा कँटीनमध्ये भेटली. मानधन विचारलं तर म्हणाली, मृदंग घेऊन बसनं येता येत नाही, रिक्षा करावी लागते, तेवढं सुटतं. काही ठिकाणी तेही नाही. उलट देणगीच्या नावानं मागणारेही असतात, असं ती आवाज खाली करून म्हणाली. शाळेची सहामाही बुडवून तो महिन्याभरात चौदा जणांना साथ करणार होता. मी विचारलं, तनीला लोक उठून जातात त्याचं त्याला काही वाटत नाही का? "त्याच्या गुरूंनी सांगितलंय, डोळे मिटून वाजव."

आणखी एक गोष्ट नजरेआड करता आली नाही. हॉल मोठा असो की छोटा, आतली माणसं एकाच घरातली वाटावीत अशी. कांजीवरम, हिऱ्याच्या कुड्या, एकाच वळणाची बोली. बहिणीचा मुलगा, जो कॉलेजात आहे आणि यातलं काहीच ऐकत नाही, त्यानं मला टोकलं: "मावशी, ही सगळी एकाच जातीची सभा आहे, दिसत नाही का?" दिसत होतं. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१५ मध्ये डिसेंबरच्या मोसमात गाणार नाही असं जाहीर केलं, त्याच वर्षी ऊरूर ओल्कॉट कुप्पम या कोळीवस्तीत वेगळा उत्सवही सुरू झाला, ते यावरूनच. मामांपुढे मी हा विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की वहीत जातीचा रकाना नाही, कारण कधी लागलाच नाही. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आमच्या कचेरीतले दाखले आठवले.

बाकी, अभंग. मला कोणी सांगितलं नव्हतं, की तमिळ कचेरीच्या शेवटी विठ्ठल येतो. मुंबईत वाढलेल्या गायिका अरुणा साईराम यांनी तो कचेरीत लोकप्रिय केला, हे खरं. पण मराठी कीर्तन त्याच्या कितीतरी आधी तंजावरात पोचलेलं. तिथले कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकात त्यातूनच हरिकथा घडवली आणि ओवी, साकी, दिंडी ही वृत्तं तमिळ कथेत आणून बसवली. चारच्या एका कचेरीत दोन तास मुठी आवळून बसलेला हॉल शेवटच्या अभंगाला एकदम टाळ्या वाजवायला लागला. गाणाऱ्याचा ळ आपल्याहून चांगला, पण 'माझे' मधला झ आणि 'चा' मधला च दोन्ही चंद्रासारखे तालव्य. शेजारच्या मामींनी मला अर्थ विचारला. मी सांगायला लागले आणि अडखळले. रोज ऐकलेल्या ओळीचा अर्थ कधी कोणाला सांगितलाच नव्हता. मागच्या रांगेतून मामांनी तमिळमध्ये झटकन सांगून टाकला.

शेवटचा दिवस. रात्री बंगळूर मेलचं तिकीट. सकाळी गिंडीहून चेंगलपट्टूची लोकल पकडायची, सिंगपेरुमाळ कोईलला तासभर थांबायचं, परत यायचं, असं बहिणीशी ठरलं होतं. तिनं डबासुद्धा भरला होता. आदल्या रात्री मामांचा फोन आला: हिरवी साडी, तोडी, आठवते का? उद्या बाराला मैलापूरच्या एका छोट्या हॉलमध्ये आहे.

"अगं, खाँसाहेब?" बहीण म्हणाली.

"पुढच्या वर्षी."

"ती पोरगी पण पुढच्या वर्षी असेलच की."

वहीतले रकाने मी तिला समजावत बसले नाही. डबा घेऊन मैलापूरला गेले.

छोटा हॉल, चटया आणि मागे थोड्या खुर्च्या, माणसं तेवीस. आज साडी जांभळी, गजरा लहान. मृदंगावर तोच पोरगा. मी ताल धरायला तयार होऊन बसले होते, तोडीतली ती जागा आली की काय होतं ते पाहायचं होतं. तोडी आलीच नाही. मुख्य राग कांभोजी होता. तिनं तो असा पसरला, की सुरुवातीला मला राग आला आणि दहा मिनिटांनी आपण कशावर रागावलो होतो ते आठवेना. नेरवल आलं तेव्हा माझा हात चालू होता. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. कृती समेवर सुरू होत नव्हती, समेनंतर थोडी सरकून उचलायची होती, तिथे मी दोनदा फसले आणि तिसऱ्यांदा बरोबर आले. पहिल्या रांगेतल्या बाईंनी एकदाही मागे पाहिलं नाही, पण त्यांचा हात आणि माझा हात एकाच वेळी पालथा पडत होता.

मामा चष्मा विसरून आले होते. स्वर संपता संपता त्यांनी वही माझ्या मांडीवर सरकवली. मी तारीख लिहिली, सभा लिहिली, नाव, साथीदारांची नावं, कांभोजी. इंग्रजीत, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. अक्षर सव्वीस वर्षांच्या सवयीनं आपोआप रकान्यात बसलं. शेऱ्यापाशी पेन थांबलं. तो रकाना मी कोरा सोडला आणि वही परत केली. मृदंगावरच्या पोरानं डोळे मिटले होते, तनी सुरू होत होती, आणि दोघं-तिघं चपला शोधत दाराकडे निघाले होते.